शनी आणि माझा उजवा डोळा

यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्याला मावशीच्या घरी शनिवारचा वास वेगळा असायचा. एरवी घरात सरकीच्या तेलाचा वास भरून राहिलेला असे, कारण काका औद्योगिक वसाहतीतल्या तेलाच्या कारखान्यात कामाला होते आणि त्यांचे कपडे कितीही धुतले तरी तो वास जात नसे. शनिवारी त्यात तिळाच्या तेलाचा वास मिसळायचा. मावशी सकाळीच वाटीत तेल कोमट करायची, कारखान्याच्या भिंतीमागून रुईची पानं तोडून आणायची आणि दारात बसून त्यांचा हार ओवायची. सुईत दोरा मी घालून द्यावा असं तिला वाटे, पण ते मला कधी जमलं नाही. दोरा सुईच्या शेजारून निघून जायचा. "कॉलेजात जातं अन् सुईत दोरा नाई घालता येत," असं म्हणत ती सुई ओढून घ्यायची आणि एका झटक्यात दोरा घालायची. मला वाटायचं, असेल, काहींच्या हाताला असतं, काहींच्या नसतं.

हार झाला की आम्ही दोघं वसाहतीच्या टोकाच्या मारुतीला जायचो. तिथं ओट्याच्या कोपऱ्यात शनीचा काळा दगड होता. मारुतीपुढं मावशी सरळ उभी राहायची, पण शनीपाशी आली की बाजूला सरकायची आणि खांबाला लागून, अंग तिरपं करून तेल वाहायची. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी नेमका समोर उभा राहिलो. तिनं दंड धरून ओढलं. "समोर नोको उभा राहू. त्याच्या नजरेले नजर देऊ नाई. बाजूनं पाह्य."

"काहून?"

"काहून म्हणजे? नाई देत."

मी विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षाला होतो, आमच्या घरातला कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच, आणि विज्ञान शिकणाऱ्यानं अशा वेळी काय म्हणावं हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. म्हणून मी बाजूला सरकलो. तेव्हापासून दर शनिवारी मी खांबापाशीच उभा राहत असे.

माझं गाव दारव्ह्यापासून आत. बाबांनी मला यवतमाळला पाठवलं ते कॉलेजसाठी, पण कॉलेजसाठीच असं नाही. भरती निघेपर्यंत पोरगं शहरात राहील, मैदानावर पळेल, भरतीची माहिती लागलीच कळेल, आणि तोवर कॉलेज करेल, असा तो हिशेब होता. बाबा त्यांच्या तरुणपणी पोलीस भरतीला गेले होते. उंची बसली, पळणं झालं, छातीत कमी पडले. ती गोष्ट ते कुणाला सांगत नसत, पण मी सुट्टीत घरी गेलो की जेवणाआधी मला अंगणात उभं करून सुतळीनं माझी छाती मोजायचे. सुतळीला त्यांनी जागोजाग गाठी मारल्या होत्या. "श्वास घे. अजून घे. हां," म्हणायचे आणि गाठ पुढं सरकली की त्या दिवशी भाकरीवर लोण्याचा गोळा पडायचा. मला भरती नको होती असं नव्हतं. पहाटे मैदानावर पळून आल्यावर मावशीच्या चुलीपुढं बसून गरम भाकर आणि तुरीच्या ओल्या दाण्यांची, सोल्यांची भाजी खाताना मला वाटायचं की आपण हवालदार होणार आणि ते चांगलंच आहे. मग कॉलेजात गेलो की तेही चांगलं वाटायचं. नक्की काय हवं होतं ते मला ठाऊक नव्हतं. आजही तो मुलगा समोर येऊन उभा राहिला तर त्याला काय विचारावं ते मला सुचणार नाही.

भौतिकशास्त्र शिकवायला मोहोड सर होते. वर्गात ते फळ्याकडे तोंड करून बोलत, त्यामुळं अर्धं ऐकू येत नसे, पण गच्चीवर गेले की त्यांचा आवाज मोकळा होई. कॉलेजच्या गच्चीवर एक वेधशाळा होती. वेधशाळा म्हणजे पत्र्याचा एक घुमट. तो आम्ही पोरांनी खांदा लावून ढकलला की करकरत फिरायचा. आत एक पांढरी, जाड दुर्बीण होती, घरातल्या धान्याच्या कोठीएवढी. मला वाटलं होतं की नळीच्या मागच्या टोकाला डोळा लावायचा असेल, बंदूक धरतात तसा. पण मागचं टोक बंद होतं. नळीचं उघडं तोंड आकाशाकडे असायचं आणि बघायचं मात्र वरच्या अंगाला, नळीच्या बाजूला असलेल्या बोटभर छिद्रातून. आत तळाशी आरसा आहे, उजेड आरशावरून परत वर येतो आणि बाजूनं बाहेर पडतो, असं सर म्हणाले. मला ते चित्र काढल्यावर कळलं आणि चित्र मिटल्यावर पुन्हा कळेनासं झालं.

महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी ही वेधशाळा गावातल्या सगळ्या लोकांसाठी उघडी असे. त्या महिन्यात सरांनी मला रांग सांभाळायला बोलावलं. थंडी पडू लागली होती. दिवस लवकर मावळायचा. आम्ही घुमट फिरवून त्याची फट मावळतीच्या बाजूला आणली, जिन्यात उजेड नको म्हणून टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद लावला, आणि खाली फाटकाशी लोक जमू लागले. लहान पोरं, कानाला मफलर बांधलेले म्हातारे, बाजारातून थेट आलेल्या, हातात मेथीच्या जुड्या असलेल्या बाया. फुकट काहीतरी बघायला मिळतं म्हणून आलेले, आणि काय ते नीट माहीत नसलेले. रांग जिन्यावरून खाली अंगणापर्यंत गेली. माझ्या शेजारी माझ्या वर्गातला राठोड होता. तो पुसदकडचा, फार बोलका. रांगेतल्या पोरांना तो सांगत होता, "आज शनी आहे बे शनी. ज्याची साडेसाती चालू असंल त्यानं मांगं थांबा."

सर म्हणाले, "गजानन, तू आधी बघून घे. म्हणजे लोकांना सांगता येईल काय बघायचं ते."

मी स्टुलावर चढलो. सगळे बघतात तसा डावा डोळा मिटला आणि उजवा छिद्राला लावला. आत काही नव्हतं. काहीच नव्हतं असं नाही, दुधाचा थेंब पाण्यात पडून पसरावा तसं काहीतरी होतं, पण त्याला आकार नव्हता.

"दिसला?" सरांनी विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. पण मला वाटलं, दिसत नसलं तर सांगावं, म्हणजे सर दुर्बीण नीट करतील. मी म्हणालो, "नाई दिसून राह्यला सर."

सरांनी मला बाजूला केलं, स्वतः पाहिलं. "आहे की. मधोमध आहे. परत बघ." मी परत पाहिलं. सरांनी एक खिटी हळूहळू फिरवली. "आता? आता?" दुधाचा थेंब लहान झाला, मोठा झाला, पण थेंबच राहिला. मागून रांगेतून आवाज येऊ लागले.

"काय चालू आहे बाप्पा पुढं?"

"पोट्टा वर चढून बसला. उतरतच नाई."

"अबे डोया उघड ना!" राठोड म्हणाला. जिन्यातले लोक हसले.

"उघडाच आहे!" मी म्हणालो. मला घाम फुटला होता. त्या थंडीत. सर म्हणाले, "एक मिनिट," आणि रांगेतल्या पहिल्या मुलीला, असेल ती दुसरी-तिसरीतली, तिला उचलून छिद्राशी धरलं. तिनं क्षणभरही न थांबता सांगितलं, "अंगठी घातली त्यानं!" मग तिच्या आईनं पाहिलं आणि ती तोंडावर हात ठेवून "माय वो" एवढंच म्हणाली. मी तिथंच उभा. अभ्यासात कच्चा असल्यावर माणूस समजून घेतो, पण बघण्यात कच्चा कसा असेल कुणी?

त्या बाईला माझी दया आली असावी. जाता जाता ती म्हणाली, "भाऊ, दुसऱ्या डोयानं पाह्य. तो दुखत असंल."

मला दुसऱ्या डोळ्याचं सुचलंच नव्हतं. मी पुन्हा स्टुलावर चढलो, उजवा डोळा मिटला आणि डावा लावला.

तिथं शनी होता. काळ्या पाण्यात तरंगणारा, फिकट पिवळा, इतका लहान आणि इतका नीट की कुणीतरी आत्ताच कोरून ठेवला असावा. त्याच्याभोवती कडं. कड्याच्या आणि गोळ्याच्या मधून पलीकडचा काळोख दिसत होता. तो जरासा थरथरत होता, जिवंत असल्यासारखा. मी "दिसला!" असं ओरडलो आणि जिन्यातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि टाळ्या वाजत असतानाच मला कळलं, की शनी तर आधीपासून तिथंच होता. मग मघाशी मला काय झालं होतं? मी डोळा बदलला. थेंब. पुन्हा बदलला. शनी. उजवा, थेंब. डावा, शनी. इतका आनंद आणि इतकी भीती मला एकाच वेळी कधी वाटली नव्हती.

सर रांग संपल्यावर मला म्हणाले, "हा डोळा तुझा आधीपासूनच अधू असणार. डॉक्टरला दाखव." पण मी घरी चालत गेलो तो वाटेत प्रत्येक दिव्यापाशी थांबत, एक एक डोळा मिटत. मावशीच्या घरात माझ्या गादीच्या वर भिंतीला कॅलेंडर होतं. डाव्या डोळ्यानं सणवार वाचता येत होते. उजव्यानं तारखांचे आकडेही कळत नव्हते, फक्त रविवारचा लाल रंग. मावशीनं विचारलं, "असा काय डोये मिचकावून राह्यला बैताडासारखा?" मी सांगितलं. सगळं सांगितलं, शनी, कडं, टाळ्या. तिच्या हातातला पोळपाट तसाच राहिला.

"शनी पाह्यला तू?"

"हो."

"शनिवारी? नळीतून? डोयाले डोया लावून?" ती खालीच बसली. "अरे देवा. म्या तुले खांबामांगं उभा करून राह्यली, अन् तू त्याले जवळ आणून पाह्यला!"

काका म्हणाले, "तसं काई नसते वो." पण तेही नंतर माझ्या डोळ्याकडे वाकून पाहून गेले. मावशीनं त्याच रात्री गावाकडे फोन लावला, आणि फोनवर ती रडत काय सांगत होती ते भिंतीपलीकडच्यांनाही ऐकू गेलं असेल.

मला आज कुणी विचारलं की तुमचा तेव्हा यावर विश्वास बसला का, तर मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणू शकणार नाही. अडचण दुसरीच होती. त्या शनिवारच्या आधी माझ्या उजव्या डोळ्याला दिसत होतं की नव्हतं, हे मला माहीत नव्हतं! माणूस दोन्ही डोळे उघडे ठेवून जगतो. एक मिटून बघायची वेळ त्याच्यावर येते कधी? मी आठवून आठवून थकलो. शाळेचा फळा दिसायचा. पळताना मैदान दिसायचं. पण ते कोणत्या डोळ्याला दिसायचं? माझाच डोळा, आणि त्याच्याबद्दल मी साक्षीदारसुद्धा होऊ शकत नव्हतो.

रविवारी कॉलेज बंद, म्हणून बाबा सोमवारी पहिल्या काळीपिवळी जीपनं आले. एका हातात तुरीच्या शेंगांची पिशवी होती, ती मावशीकडे द्यायचीही त्यांना आठवण राहिली नाही. ती तशीच घेऊन ते कॉलेजात आले. मोहोड सर प्रयोगशाळेत होते. बाबांनी त्यांना हात जोडले आणि मग विचारलं, "सर, माह्या पोराचा डोया तुमच्या नळीनं गेला. आता तुमी काय करता?"

सर गडबडले. त्यांनी नीट समजावून सांगितलं, की दुर्बिणीतून फक्त उजेड येतो, शनीचा उजेड तर चंद्राहून कितीतरी मंद, त्यानं डोळा जात नाही. बाबा ऐकत होते. शेवटी सरांना वाटलं असावं की या माणसाला धीर द्यावा. ते म्हणाले, "आणि तुम्ही काळजी करू नका. गजानन चांगला विद्यार्थी आहे. आमच्या या कामाला तर एकच डोळा लागतो."

"तुमच्या कामाले एकच लागते," बाबा म्हणाले, "पण माह्या पोराले दोन होते. अन् भरतीले दोन लागतात."

राठोड दाराशी उभा होता, तो बाजूला झाला. सर मग आमच्याबरोबर सरकारी दवाखान्यात आले. डॉक्टरांनी माझ्या डोळ्यापुढं एकामागून एक काचा धरल्या, उजेड टाकला, आणि सांगितलं की हा डोळा लहानपणापासून आळशी आहे. नंबर मोठा होता, चष्मा वेळेवर लागला नाही, म्हणून मेंदूनं त्याच्याकडून बघायचं काम काढून घेतलं. आता चष्म्यानं थोडंफार सुधारेल, पूर्ण येणार नाही. बाबांनी विचारलं, "भरतीत चालंल?" डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. बाहेर आल्यावर बाबा सरांना म्हणाले, "डॉक्टर आज पाहून सांगते. लहानपणी कुठं पाह्यलं होतं त्यानं?" खरं सांगायचं तर मला बाबांचं म्हणणं बिनतोड वाटलं. त्याच संध्याकाळी माझी गादी गुंडाळून आम्ही गावाला गेलो. "भरतीच नाई तं यवतमाळात राहून काय करतं?" एवढंच बाबा जीपमध्ये बोलले.

गावात मी पोचण्याआधी बातमी पोचली होती. शेजारचे काका आले, हात पुढं केला आणि म्हणाले, "डावा मिट. सांग, किती बोटं?" मला धूसर काहीतरी दिसलं. मी अंदाजानं म्हणालो, "तीन." त्यांनी मूठ धरली होती. ते हसले आणि मग एकदम गंभीर झाले. त्यानंतर जो येई तो मूठ किंवा बोटं दाखवून जाई. पण दोन-चार दिवसांत निराळंच सुरू झालं. लोक स्वतःचे डोळे तपासू लागले. पाणवठ्यावर, पारावर, जो तो एक डोळा हातानं झाकून समोरच्या झाडाकडे बघतोय. माझी मायसुद्धा भाकरी थापता थापता मनगटानं एक डोळा झाकायची, मग दुसरा, आणि "मले तं दोन्हीनं दिसते," असं तक्रार केल्यासारखं सांगायची. त्यातच आमच्या गल्लीतल्या एका म्हातारीला कळलं की तिला डाव्या डोळ्यानं दारातली गाय दिसत नाही. तिनं आरडाओरडा केला. माय बाबांना म्हणाली, "ते तं कवा यवतमाळले गेलीच नाई. तिनं कोणता शनी पाह्यला?" बाबा बैलांना पाणी दाखवायला उठून गेले.

मी दिवसभर शेतात असायचो. कापसाची दुसरी वेचणी चालू होती. बोंडाला हात घालायचो तर कधी कधी हात अलीकडेच मिटायचा. हे आधीही व्हायचं की आताच होत होतं? संध्याकाळी शेताच्या धुऱ्यावर बसलं की उगवतीला मृगातली तिफन वर यायची, तिचे तीन तारे एका रेषेत, आमच्या पेरणीच्या तिफनीसारखे. मी डावा डोळा झाकायचो, की तिफन नाहीशी व्हायची. हात काढला की परत यायची. मला कॉलेजची आठवण यायची, पण तसं म्हणायची लाज वाटायची. भरती बाबांची गेली होती, आणि मला मात्र शनीचं ते कडं पुन्हा एकदा बघायचं होतं. ज्यानं माझा डोळा नेला असं घरात म्हणत, त्यालाच बघायचं होतं.

एका दुपारी तुरीत वानरं शिरली. ओल्या शेंगांचा वास त्यांना कुठून लागतो कोण जाणे, आख्खं टोळकं आलं. बाबांनी खोपीतून गुलेल काढली आणि माझ्याकडे फेकली. "मार. लागू नोको देऊ, जवळ मार." मी खडा लावला, रबर ताणलं, नेम धरला आणि सोडला. खडा वानरांच्या पुढ्यात बांधावर आपटला, आणि सगळी उड्या मारत लिंबाच्या झाडावर पळाली. मी दुसरा खडा लावला.

"थांब," बाबा म्हणाले. ते माझ्या समोर येऊन उभे राहिले. "अजून एकदा नेम धर. मारू नोको. फक्त धर."

मी धरला.

"तू उजवा काहून मिटतं?"

मला कळलं नाही. मी गुलेल खाली केली. "असाच मिटते. डाव्यानं नेम चांगला बसते."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग बांधावर बसले. त्यांनी हातातला कडबा मोडून बारीक बारीक तुकडे केले. "तू इतलासक होता," त्यांनी गुडघ्याएवढा हात धरला, "तवा तुले गुलेल म्याच शिकवली. तवाई तू उजवाच मिटायचा. मी म्हणलं, डावा मिट बे, सगळं जग डावा मिटते. तू आयकतच नव्हता. दोन थापडा मारल्या मी तुले. मंग तू रडत रडत डावा मिटला, अन् खडा भलतीकडेच गेला." त्यांनी तोंड पुसलं. "मले वाटलं, पोरगं हट्टी आहे."

मला ते थापड खाल्लेलं आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. मी तसं सांगितलं, त्यांना बरं वाटावं म्हणून नव्हे, खरंच आठवत नव्हतं म्हणून. ते म्हणाले, "मले आठवते ना." मग उठले, आणि वानरं परत उतरेपर्यंत आम्ही दोघं लिंबाकडे बघत उभे होतो. डोळा आधीपासूनच तसा होता हे आता नक्की झालं होतं, आणि मला वाटलं होतं की नक्की झालं की हलकं वाटेल. तसं झालं नाही. सरांवरचा दोष गेला, शनीवरचा गेला, आणि तो कुठंतरी ठेवावा तर लागणार होता. बाबांनी तो उचलून आपल्या खिशात घातला, असं मला दिसत होतं आणि तो कसा काढून घ्यावा हे कळत नव्हतं.

पुढच्या महिन्यातल्या वेधशाळेच्या शनिवारी सकाळी बाबांनी मायला सांगितलं, "तयार हो. यवतमाळले जाऊन राह्यलो." कशासाठी ते सांगितलं नाही. माझी गादीही जीपच्या टपावर चढली. मावशी लोहाऱ्याहून थेट कॉलेजच्या फाटकाशी आली. ती येणार नव्हती, पण बहीण जाते तर तिला एकटीला शनीपुढं कशी जाऊ द्यायची, म्हणून आली. पदरात रुईची पानं होती. सरांनी बाबांना ओळखलं आणि पुढं बोलावलं, पण बाबांनी नाही म्हटलं. "रांगेनं येतो सर." ते खाली अंगणात शेवटाला जाऊन उभे राहिले.

मी राठोडबरोबर स्टुलाशी उभा होतो. मावशी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर अडली. पुढं येईना. मग तिनं दुर्बिणीकडे नीट पाहिलं, नळीचं तोंड कुठं आहे, माणसं कुठं उभी राहतात, डोळा कुठून लावतात. "हे तं बाजूनं पाह्यतात," ती म्हणाली. "तोंड त्याच्याकडे नाईच आपलं."

"नाई मावशी. आरसा आहे आतमध्ये."

"मंग आधी सांगाचं ना!" तिनं मायच्या खांद्याला हात लावला. "चाल वो. आडूनच दर्शन आहे." आणि ती पहिली चढली. पाहून झाल्यावर तिनं रुईची दोन पानं स्टुलाशी ठेवली. सरांनी ती तशीच राहू दिली. माय पाहून खाली उतरली, माझ्याकडे बघून हसली, आणि पुन्हा एकदा मनगटानं आपला एक डोळा झाकून घेतला, सवयीनं.

आता मी दारव्ह्याकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. माझ्या चष्म्याची एक काच जाड आहे. नवीन वर्ग आला की पहिल्याच दिवशी मी पोरांना एक एक डोळा झाकून फळा वाचायला लावतो. त्यांना वाटतं हा खेळ आहे. सुईत दोरा मला अजून घालता येत नाही. पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. मी कॉलेजात परत आलो आहे की फक्त शनी बघायला आलो आहे, हेसुद्धा नक्की नव्हतं.

बाबांची पाळी आली. ते चप्पल काढून स्टुलावर चढले, डावा डोळा मिटला आणि उजवा लावला. किती वेळ ते तसेच होते. मागची पोरं चुळबुळ करू लागली. "दिसला का बाबा?" मी विचारलं. त्यांनी हो म्हणून हात हलवला, डोळा न काढता. मग उतरले, चप्पल घातली. मला वाटलं, काहीतरी बोलतील. ते जिना उतरून खाली गेले, मी वरून वाकून पाहिलं, तर ते फाटकाकडे न जाता पुन्हा रांगेच्या शेवटाला जाऊन उभे राहिले होते.

मी धावत खाली गेलो. "बाबा, तुमचं झालं ना?"

"झालं," ते म्हणाले. "ते म्या उजव्यानं पाह्यलं. आता डाव्यानं पाह्यतो. तुले कसा दिसते ते पाह्यतो."